धागा: गुन्हा एकाचा, अटक दुसऱ्याला – चेहरा किंवा नाव चुकून माणूस उचलला गेला तर पुण्यात काय करायचं

तळजाई (धागाकर्ता)

सोनसाखळी, मोबाईल हिसकावणं, एटीएमपाशी लूट, रात्री गाड्यांची तोडफोड. या गुन्ह्यांत आरोपी फिर्यादीच्या ओळखीचा नसतो. पोलिसांच्या हातात एक धूसर फुटेज, "सडपातळ, सावळा, काळा टी-शर्ट" असं वर्णन आणि फार तर गाडीच्या नंबरातले दोन-तीन आकडे असतात. एवढ्यावर माणूस शोधायचा म्हटलं की कधी ना कधी भलताच सापडतो. जानेवारी २०२५ मध्ये सैफ अली खानवरच्या हल्ल्यानंतर छत्तीसगडच्या दुर्ग स्टेशनात रेल्वे सुरक्षा दलाने फोटोवरून एका प्रवाशाला गाडीतून उतरवलं. तो हल्लेखोर नव्हता, पण सुटेपर्यंत त्याचा फोटो देशभर फिरला होता. नोकरी गेली, ठरत आलेलं लग्न मोडलं, असं त्याने नंतर सांगितलं.

हा धागा आत्ताच्या कायद्याप्रमाणे आहे, म्हणजे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे (बीएनएसएस). खाली नुसतं "कलम" लिहिलंय ते याच कायद्याचं. तिच्या आधीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेची, म्हणजे सीआरपीसीची, जुनी कलमं सांगत बसू नका, घरच्यांचा गोंधळ होतो.

पहिली अडचण माणूस नेमका कुठे आहे ही. आपल्याकडे पोलीस तीन: पुणे शहर आयुक्तालय, ऑगस्ट २०१८ पासून वेगळं झालेलं पिंपरी-चिंचवड आयुक्तालय आणि पुणे ग्रामीण. त्यात गुन्हे शाखेच्या युनिटने उचललं असेल तर माणूस ठाण्यात नसतो, युनिटच्या ऑफिसात असतो. ठाणे अंमलदार "आमच्याकडे नाही" म्हणतो ते बऱ्याचदा खरंच असतं. म्हणून "कुठे नेलंय" विचारून थांबू नका. गुन्हा रजिस्टर नंबर, कलमं आणि तपासी अंमलदाराचं नाव या तीन गोष्टी घ्या. कलम ३७ प्रमाणे प्रत्येक ठाण्यात अटकेची माहिती ठेवणारा अधिकारी नेमलेला असतो आणि कलम ४८ प्रमाणे नातेवाइकाला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे.

दुसरं, उचलल्याची वेळ लगेच लिहून ठेवा. घरातून किंवा कामावरून नेलं त्याच मिनिटाला वकिलाला किंवा भावाला मेसेज टाका: किती वाजता, कुठून, किती जण, कोणती गाडी. शक्य असेल तर तोच मजकूर आयुक्तालयाला ईमेल करा. कोर्टासमोर नेण्याचे २४ तास प्रत्यक्ष अडवून ठेवल्यापासून मोजायचे, हे मुंबई उच्च न्यायालयाने १९९० मध्येच सांगितलंय. कागदावर मात्र अटकेची वेळ पुष्कळदा काही तासांनी पुढची पडते. तुमचा मेसेज हाच तेव्हाचा पुरावा.

सिंहगडरोड

"फक्त चौकशीला बोलावलंय, संध्याकाळी सोडू" असं म्हणाले तर?

तळजाई

तर लेखी नोटीस मागा. कलम ३५(३) ची नोटीस असेल तर हजर राहायचंच, पोचपावतीही घ्यायची. नोटीस पाळणाऱ्याला अटक करायची तर पोलिसांना कारणं नोंदवावी लागतात. नोटीस नाही, अटकही दाखवलेली नाही आणि रात्र झाली, तर ११२ वर फोन करा, त्या परिमंडळाच्या उपायुक्तांना ईमेल करा. तरीही पत्ता लागला नाही तर वकिलामार्फत कलम १०० खाली मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. बेकायदा डांबलेल्या माणसाच्या शोधासाठी वॉरंट मिळतं. हेबियस कॉर्पस, म्हणजे डांबलेल्या माणसाला कोर्टासमोर हजर करा अशी याचिका, मुंबईला, उच्च न्यायालयात.

कसबा_क्रिमिनल

अटकेची कारणं लेखी घ्या, यावर मी सगळ्यात जास्त जोर देईन. सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात स्पष्ट केलं की कुठल्याही गुन्ह्यात अटकेची कारणं आरोपीला समजेल त्या भाषेत लेखी द्यायची. लगेच शक्य नसेल तर आधी तोंडी सांगायची, पण रिमांडसाठी, म्हणजे पोलीस कोठडी मागतात तेव्हा, कोर्टात उभं करण्याच्या किमान दोन तास आधी कागद हातात पडला पाहिजे.

चुकीच्या ओळखीच्या केसमध्ये हा कागद सोन्यासारखा आहे, कारण पोलीस कशावर विसंबलेत ते त्यात कळतं. "सीसीटीव्हीतील वर्णनाशी मिळताजुळता" असेल तर लढाई फुटेजची. "गोपनीय बातमीदारामार्फत" असेल तर ओळख अजून कोणी केलेलीच नाही. "फिर्यादीने फोटो पाहून ओळखले" असेल तर पुढच्या ओळख परेडचा, म्हणजे साक्षीदाराला रांगेतून आरोपी ओळखायला लावतात त्याचा, पायाच डळमळीत झालाय. हे वाक्य जसंच्या तसं जपून ठेवा, दोषारोपपत्रात ते बदललेलं दिसू शकतं.

शिवाजीनगर कोर्टात रिमांडचं काम काही मिनिटांत उरकतं, सुट्टीच्या दिवशी तर आणखी घाईत. म्हणून अर्ज लिहूनच न्या. त्यात ओळख वादग्रस्त आहे, आरोपीचा चेहरा साक्षीदारांना दिसू नये म्हणून त्याला बुरख्यात ठेवावं, ओळख परेड लवकर घ्यावी, अमुक ठिकाणचं फुटेज ताबडतोब ताब्यात घ्यावं आणि पोलीस ठाण्याचं फुटेज जपून ठेवावं एवढं हवं. ठाण्यांतल्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग १८ महिने, ते जमत नसेल तर निदान वर्षभर ठेवा, असं सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये सांगितलंय. साक्षीदाराला ठाण्यात बोलावून आरोपी दाखवला असा संशय असेल तर ते याच फुटेजमध्ये सापडणार. तोंडी सांगितलेलं हवेत विरतं. अर्ज दिला की त्यावर आदेश होतो आणि रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामाच्या नोंदीत, नोंद राहते.

आता पीसीआर (पोलीस कोठडी) की एमसीआर (न्यायालयीन कोठडी). ओळख परेड बहुधा न्यायालयीन कोठडीत, म्हणजे येरवड्यात होते. जामिनाला सरकारी पक्षाची ठरलेली हरकत असते, "ओळख परेड बाकी आहे". परेड लांबली की जामीन लांबतो. म्हणून निर्दोष माणसाच्या वकिलाने परेडला घाबरून गप्प बसू नये, ती तारीख लावून मागावी.

सिंहगडरोड

आरोपीने परेडला नकार दिला तर?

कसबा_क्रिमिनल

देऊ नये. कलम ५४ खाली कोर्ट आदेश देऊ शकतं आणि सीआरपीसीच्या जुन्या ५४अ वरच्या सुप्रीम कोर्टाच्या २०२३ च्या निकालाप्रमाणे आरोपीला नकाराचा हक्क नाही. नकार दिला तर तोच त्याच्याविरुद्ध वापरला जातो. मात्र "मला साक्षीदारांना आधीच दाखवलंय" ही हरकत तिथेच नोंदवता येते, आणि नोंदवायचीच.

परेडचा_पंच

ओळख परेडबद्दल सविस्तर लिहितो, कारण चूक पक्की होते ती इथे.

परेड पोलीस घेत नाहीत. नायब तहसीलदार किंवा विशेष कार्यकारी अधिकारी घेतो, सोबत दोन पंच. पोलिसांनी खोलीत थांबायचं नाही. उच्च न्यायालयाच्या क्रिमिनल मॅन्युअलप्रमाणे एका आरोपीमागे किमान सहा डमी (रांगेत सोबत उभी केलेली इतर माणसं), दोन आरोपी असतील तर दहा-बारा, आणि दोनपेक्षा जास्त आरोपी शक्यतो एका परेडमध्ये उभे करायचे नाहीत. डमी वयाने, उंचीने, अंगकाठीने, दिसण्याने साधारण सारखे हवेत. आरोपीला रांगेत हवी ती जागा घेता येते, कपडे बदलता येतात. एक साक्षीदार बाहेर गेला की पुन्हा जागा बदलायची मुभा द्यायची. हे सगळं निवेदनात लिहिलं गेलं पाहिजे.

बिघडतं कुठे? डमी कारागृहातल्याच इतर बंद्यांमधून घेतात. त्यांची दाढी वाढलेली असते आणि आरोपी दोन दिवसांपूर्वीच आत आलेला, नुकताच केस कापलेला. किंवा सगळ्यांच्या पायात एकसारख्या चपला आणि याच्या पायात बूट. गालावर व्रण असेल तर सगळ्यांच्या गालावर त्याच जागी पट्टी लावायची असते; ती एकट्यालाच लावली तर जणू बोट दाखवलं. उंचीची गफलत तर नेहमीची: फिर्यादीत "उंच" लिहिलेलं आणि रांगेत उंच एकच.

साक्षीदारांकडेही बघा. तिघं एकाच बाकावर बसून वाट पाहत असतील तर पहिला बाहेर आल्यावर दुसऱ्याला काय सांगतो यावर कोणाचं नियंत्रण? त्यांना आणणारा शिपाई तपास पथकातलाच असेल तर तेही लिहून घ्यायला लावा. अधिकारी शेवटी विचारतो, "काही हरकत आहे का?" बहुतेक आरोपी घाबरून "नाही" म्हणतात. आदल्या मुलाखतीतच वकिलाने समजावून ठेवावं की बूट, दाढी, उंची, ठाण्यात दाखवलं होतं, जे असेल ते त्याच क्षणी सांगायचं. वर्षभराने उलटतपासात काढलेली हरकत फार कमजोर पडते.

सिंहगडरोड

आणि परेडमध्ये ओळखलंच तर खेळ खलास?

परेडचा_पंच

नाही. परेड हा मूळ पुरावा नव्हेच, तो फक्त दुजोरा. मूळ पुरावा म्हणजे साक्षीदाराने शपथेवर कोर्टात केलेली ओळख. परेडआधी साक्षीदाराला आरोपी किंवा त्याचा फोटो दाखवला गेला असेल, किंवा परेडला पोलीस हजर असतील, तर सुप्रीम कोर्टाने अशा परेड बाजूला ठेवल्यात. २०२२ चा केरळमधला निकाल वकिलांना माहीत असतो.

म्हणून घरच्यांना एक कळकळीची विनंती, उलटी वाटली तरी ऐका. "आमचा मुलगा निर्दोष आहे" म्हणून त्याचा फोटो कुठेही टाकू नका. स्टेटसला नाही, सोसायटीच्या ग्रुपवर नाही, पत्रकारालाही नाही. तो फोटो फिरत फिरत साक्षीदारापर्यंत गेला की परेडमध्ये तो चोराला नाही, फोटोला ओळखेल. आणि दोष येईल तुमच्यावर, की फोटो तुम्हीच पसरवला. त्याचं फेसबुक-इन्स्टा असेल तर फक्त खाजगी करा. काहीही डिलीट करू नका, तो पुरावा नष्ट केल्याचा संशय होतो.

स्मृती_अभ्यासक

वरच्या मुद्द्याला मानसशास्त्राची बाजू जोडते. साक्षीदार खोटं बोलतोय असं धरून वकील तुटून पडतात, ते बहुतेक वेळा चुकतं. तो प्रामाणिक असतो आणि तरीही चुकतो. कोयता दिसला की नजर कोयत्यावर खिळते, चेहरा कमी नोंदला जातो. हेल्मेट किंवा रुमालामुळे केसांची रेषा आणि हनुवटी झाकली जाते, आणि अनोळखी चेहरा ओळखायला त्याच खुणा लागतात. रांगेसमोर उभं केलं की माणूस "यातला सगळ्यात जवळचा कोण?" असं मनात तोलतो. खरा चोर रांगेत नसेल तरी "सगळ्यात जवळचा" कोणीतरी असतोच. "यात तो नसेलही" हे आधी सांगितलं तर चुकीच्या निवडी कमी होतात, हे प्रयोगांनी वारंवार दाखवलंय. आणि ओळखल्यावर कोणी "बरोबर" म्हटलं की साक्षीदाराची खात्री वाढते, आठवण मात्र तेवढीच राहते. कोर्टात वर्षभराने दिसणारा ठामपणा हा असा घडलेला असतो.

त्यामुळे सगळ्यात मोलाची ती पहिली फिर्याद. तिच्यातलं वर्णन कोणाचाही चेहरा दाखवण्याआधीचं असतं. अंतर किती, उजेड कशाचा, किती सेकंद, कोणती भाषा बोलला, कोणता हात वापरला: एकेक ओळ आरोपीशी ताडून बघा. लंडनमध्ये १८९६ मध्ये अडॉल्फ बेक नावाच्या माणसाला अनेक बायकांनी "हाच तो ठग" म्हणून ओळखलं, शिक्षाही झाली. मूळ ठगाची सुंता झालेली असल्याची नोंद जुन्या तुरुंगाच्या कागदात होती आणि बेकची झालेली नव्हती. खटल्याच्या वेळी ती नोंद पुढे आलीच नाही. १९०४ मध्ये त्याला पुन्हा दोषी ठरवल्यावर खरा ठग सापडला. त्या गदारोळानंतर इंग्लंडमध्ये १९०७ मध्ये फौजदारी अपिलाचं कोर्ट आलं. आपल्या अटक फॉर्ममध्येही अंगावरच्या खुणांचा रकाना असतो. तो कोरा सोडू देऊ नका. ससूनला वैद्यकीय तपासणीसाठी नेतात तेव्हा गोंदण, जुना व्रण, तुटलेला दात हे सगळं नोंदवून घ्या.

डीव्हीआर_दुरुस्ती

फुटेजबद्दल.

सोसायटी, मेस, दुकान, पेट्रोल पंप, सगळीकडे डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र, जुन्यावर नवं रेकॉर्ड करत जातो. कॅमेरे जास्त आणि हार्ड डिस्क लहान असेल तर आठवडाभरात पुसलं जातं, बरी असेल तर महिना. म्हणजे जामिनाच्या तारखेची वाट बघाल तर तुमचा माणूस त्या वेळी दुसरीकडे होता हे दाखवणारं फुटेज गेलेलं असेल. अटकेच्या दिवशीच सोसायटीच्या सेक्रेटरीला लेखी पत्र द्या आणि पोच घ्या.

कॉपी घेताना आधी डीव्हीआरच्या स्क्रीनवरचं घड्याळ आणि मोबाईलचं घड्याळ एका फोटोत घ्या. डीव्हीआर पाच-दहा मिनिटं पुढे-मागे असणं रोजचंच आहे, आणि त्या दहा मिनिटांत पाषाणहून औंधला पोचता येतं, असा युक्तिवाद होतो. घटनेच्या आधीचा-नंतरचा एकेक तासही घ्या, फक्त हवा तो तुकडा नको. डीव्हीआरच्या मूळ फॉरमॅटमध्ये, त्याच्या प्लेअरसकट एक्सपोर्ट करा, लगेच हॅश (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा डिजिटल ठसा) काढून लिहून ठेवा. स्क्रीनचं मोबाईलवर केलेलं शूटिंग हा शेवटचा उपाय. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, त्याचे दोन भाग आहेत: पहिला यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. सेक्रेटरीची सही तेव्हाच घ्या, पुढच्या वर्षी कमिटी बदललेली असते.

मेट्रो, पीएमपी आणि चौकातल्या सरकारी कॅमेऱ्यांचं फुटेज घरच्यांच्या हाती देत नाहीत. कलम ९४ खाली कोर्टाकडून मागवायचं. अर्जात स्टेशन, फलाट किंवा गेट आणि पंधरा मिनिटांच्या आतली वेळ लिहा. "त्या दिवसाचं सगळं" असं लिहिलेले अर्ज पडून राहतात.

पोलिसांकडच्या फुटेजबद्दल वकिलांना विचारायला सांगा की कॅमेरा रात्री इन्फ्रारेडवर होता का. इन्फ्रारेडमध्ये काळा सिंथेटिक टी-शर्ट राखाडी किंवा पांढरा दिसू शकतो. कपड्यांवरून केलेली ओळख तिथेच ढासळते. छताजवळच्या रुंद लेन्सच्या कॅमेऱ्यावरून उंचीचा अंदाजही फसवा असतो. जागेवर पट्टी उभी करून त्याच कॅमेऱ्यातून मोजावी लागते. फुटेजमध्ये चेहरा बारीक असेल तर मोठा करून नवीन तपशील येत नाही, फक्त ठिपके मोठे होतात. असा अंधूक फोटो चेहरा जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरला दिला की ते "जवळचे" चेहरे काढून देतं. ते निव्वळ तपासाचं सूत आहे. अमेरिकेत डेट्रॉइटमध्ये जानेवारी २०२० मध्ये अशाच जुळणीवरून एका माणसाला घरासमोर बेड्या घातल्या गेल्या, तो चोर नव्हता. महाराष्ट्र पोलिसांकडे ॲम्बिस ही ओळख जुळवणारी संगणक प्रणाली आहे, त्यात बोटांचे ठसेही जुळवता येतात. घटनास्थळी ठसा मिळाला असेल तर तो ताडून बघा अशी लेखी मागणी निर्दोष माणसाने स्वतःहून करावी.

कोथरूडचा_वाचक

गाडीच्या नंबरवरून उचललं तर? बनावट नंबर प्लेटची गोष्ट करतोय.

डीव्हीआर_दुरुस्ती

महाट्रॅफिकवर (वाहतूक पोलिसांच्या ई-चलनाच्या साइटवर) तुमच्या नंबरची सगळी चलनं फोटोसकट बघा. न गेलेल्या ठिकाणचं चलन आणि फोटोत दुसऱ्या रंगाची, आरसा नसलेली, वेगळी सीट असलेली गाडी असेल तर तो बनावट प्लेटचा तयार पुरावा. अटकेची वाट न बघता, असं चलन आलं की त्याच आठवड्यात वाहतूक शाखेला आणि ठाण्याला लेखी कळवून पोच ठेवा.

कसबा_क्रिमिनल

"मी तिथे नव्हतोच" याबद्दल सावध करतो. हा बचाव साक्ष अधिनियमाच्या कलम ९ मध्ये बसतो, पण सिद्ध करायचा भार आरोपीवर आणि कसोटी कडक. अर्धवट आठवून "आठला मी घरी होतो" असं सांगितलं आणि यूपीआयमध्ये सव्वाआठला दांडेकर पुलापाशी चहाचं पेमेंट निघालं तर निर्दोष माणूस खोटारडा ठरतो. आधी कागद जमवा, मग वेळ सांगा: ऑफिसचं पंचिंग, फास्टॅग, यूपीआय, दवाखान्याची पावती. गुगल टाइमलाइन आता फोनमध्येच साठते आणि फोन जप्त झालेला असतो, त्यामुळे त्यातला डेटा सुरक्षित ठेवायची मागणी अर्जात घाला. टॉवर लोकेशनवर फार भिस्त नको. पेठांमध्ये एका टॉवरखाली फिर्यादी, चोर आणि तुमचा माणूस तिघंही येतात. उपयोग होतो तो फोन हडपसरला आणि घटना वारज्याला असेल तेव्हा.

मुळाकाठ

नामसाधर्म्याचं कोणी लिहिलं नाही. जुन्या अजामीनपात्र वॉरंटवर त्याच नावाचा दुसरा माणूस धरला जातो. वॉरंट दाखवायला सांगा. वडिलांचं नाव, वय, गाव आणि केस नंबर आधार आणि शाळेच्या दाखल्याशी ताडा. दुसऱ्या जिल्ह्यातलं वॉरंट असेल तर पुढे पाठवण्याआधी कलम ८३ प्रमाणे "कोर्टाला हवा असलेला माणूस हाच दिसतो का" हे बघायचं असतं. तिथेच कागद ठेवा. एकदा लातूर-नांदेडच्या गाडीत बसवलं की चार दिवस गेले.

वकिलाला पैसे नसतील तर थांबू नका. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००, शिवाजीनगरला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि लोक अभिरक्षक कार्यालय. रिमांडच्या दिवशीही मागता येतो.

सिंहगडरोड

खरा आरोपी सापडला. आता कागदावर काय झालं पाहिजे?

कसबा_क्रिमिनल

दोषारोपपत्राआधी असेल तर तपासी अंमलदार कलम १८९ खाली पुरावा नसल्याचा अहवाल देऊन जातमुचलक्यावर सोडतो. दोषारोपपत्र गेलं असेल तर दोषमुक्तीचा, म्हणजे खटला चालवण्याआधीच वगळण्याचा, अर्ज: मॅजिस्ट्रेटकडे कलम २६२, सेशन्सला २५०. समरीच्या, म्हणजे पोलीस तपास बंद करताना देतात त्या अहवालाच्या, नावांत लोक गोंधळतात. बी समरी म्हणजे फिर्यादच खोटी. तुमच्या केसमध्ये गुन्हा खरा आहे, माणूस चुकीचा आहे. चोर सापडलाच नाही तर ए समरी होईल. "बी समरी करा" म्हणून फिर्यादीशी भांडण उकरून काढू नका.

भरपाईबद्दल खरं सांगतो. कलम ३९९ मध्ये विनाकारण अटक करायला लावणाऱ्याकडून मिळणारी रक्कम जास्तीत जास्त १००० रुपये आहे. ही रक्कम संतापजनक आहे. खरी भरपाई उच्च न्यायालयात रिट याचिका करूनच. १९८३ च्या रुदुल शाह निकालापासून तो रस्ता खुला आहे, २०१८ मध्ये इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना ५० लाख मिळाले ते सुप्रीम कोर्टातून. राज्य मानवी हक्क आयोगाकडे घटनेपासून वर्षाच्या आत तक्रार करायची.

कोथरूडचा_वाचक

ठसे-फोटो घेतलेले असतात, त्यांचं काय? आणि पासपोर्टच्या पडताळणीत नाव निघेल?

तळजाई

२०२२ च्या ओळख कायद्यात नोंदी ७५ वर्षं ठेवायची तरतूद आहे. पण आधी शिक्षा न झालेला माणूस खटल्याविना सुटला, दोषमुक्त झाला किंवा निर्दोष ठरला, तर अपील वगैरे संपल्यावर त्या नष्ट करायच्या असतात, मॅजिस्ट्रेटने कारण लिहून उलट आदेश दिला नसेल तर. आपोआप होईल असं धरू नका, लेखी अर्ज करा.

पासपोर्टसाठी: १८९ चा अहवाल किंवा कोर्टाचा आदेश यांच्या तीन-चार प्रमाणित प्रती नक्कल विभागातून काढून ठेवा. एक प्रत जोडून ठाण्यात अर्ज द्या, की सीसीटीएनएसमधली (पोलिसांच्या संगणकीय गुन्हे नोंदीतली) आरोपी म्हणून असलेली नोंद अद्ययावत करावी. आवक नंबर आणि शिक्का घ्या. महिन्याने त्याच आवक नंबरावर विचारणा करा, उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात त्या अर्जावर काय कार्यवाही झाली ते मागा. पडताळणीला पोलीस घरी आले की तोंडी समजावत बसायच्या आधी आदेशाची प्रत हातात द्या आणि त्यांच्या अहवालात तिचा उल्लेख करायला सांगा.